पानभाकरी

दुपारी तीनला हुसाविकमध्ये दिवस मिटतो,
बंदरातल्या होड्या नुसते दिवे होऊन उरतात.
आई तेव्हा टेबलावर जुनी चादर अंथरते
आणि म्हणते, बोलवा सगळ्यांना.

मैदा, कोमट दूध, लोण्याचा एक गोळा,
मीठ, चिमटीत चुरडलेले शहाजिरे.
एवढंच. मळताना चुकायला जागाच नाही,
चुकायचं ते लाटताना.
पारी इतकी पातळ हवी
की खालच्या वर्तमानपत्रातल्या
भरती-ओहोटीच्या वेळा वाचता याव्यात.
गलबतातून येणारं पीठ एके काळी
मुठीमुठीनं वर्षभर पुरवायचं असे.
गरिबीनं लाटलं,
आम्ही त्यावर नक्षी काढतो.

पितळी कातण हाल्बेरा आत्याकडे.
ती फिरवते, पारीवर कोनांच्या रांगा उमटतात,
मग चाकूच्या टोकानं एक पान उचलायचं,
मागच्यावर दुमडायचं,
एक सोडायचं, पुन्हा एक दुमडायचं.
लहानपणी मी हे जीभ बाहेर काढून करायचे.
अजूनही करते म्हणे.

बाबा कातणाला हात लावत नाहीत.
तीस वर्षं कॉडची पोटं फाडलेला खिशातला चाकू
ते पुसतात, उघडतात,
आणि कोपऱ्यात बसून एकाच पारीवर
एकच अक्षर कापतात.
आमच्या लिपीत ओरीचं पहिलं अक्षर
म्हणजे नुसता गोल.
"ही कसली नक्षी," आत्या म्हणते, "भोकच की."
"सोपं आहे म्हणून," बाबा म्हणतात.

होडी विकली त्या वर्षापासून
माझा भाऊ घरी आलेला नाही.
सहा नाताळ, सहा गोल.
ती भाकरी डब्यात सगळ्यात वर राहते,
आणि जानेवारीत बाकीचा डबा रिकामा झाला
की आई ती मागच्या दारी कुस्करते,
पक्ष्यांसाठी, पाठमोरी.

यंदा विमानातून त्याची मुलगी उतरली, एकटीच.
तूवा. नऊ वर्षांची. गळ्यात नावाची चिठ्ठी,
पायात एक नंबर मोठे बूट.
आमची भाषा तिला अर्धी येते,
उरलेली ती बोटांनी बोलते.
सकाळी खिडकीतल्या बुटात संत्रं निघालं.
"कोणी ठेवलं?"
"डोंगरातल्या तेरा भावांपैकी एकानं.
रोज एक जण खाली उतरतो."
"तेराही जण येतात?"
बाबांनी कढईखालची आच उगाच कमी केली.

चरबी तापली, खिडक्यांना घाम सुटला.
भाकरी सोडायची, उलटायची, काढायची,
फुगायच्या आत लाकडी झाकणानं दाबायची.
कडेचं कातरण मुलांचं, गरम, मीठ भुरभुरून.
अख्खी मात्र चोवीस तारखेला,
संध्याकाळी सहाची घंटा झाल्यावरच.
हा नियम तूवाला सांगितला होता.
तो बहुतेक न येणाऱ्या अर्ध्यात गेला.

तिनं गोलाची भाकरी उचलली,
डोळ्याला लावली,
आणि पलीकडच्या बाबांकडे पाहिलं.
पिठाच्या चौकटीत एकच डोळा, करडा,
हुबेहूब ओरीचा.
मग कुर्रकन मोडली.
खाल्ली. मिटल्या तोंडानं, नीट चावून.

आई थांबली, कातण थांबलं,
कढईतल्या भाकरीकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

"मीठ बरोबर आहे?" बाबांनी विचारलं.
तूवानं विचार केला.
अंगठा आणि तर्जनी, मध्ये जराशी फट.
"एवढं कमी."

बाबांनी चाकू मिटला नाही,
मुठीकडून तिच्यापुढे धरला.
"तुझं अक्षर कसं असतं?"
तिनं टेबलावरच्या पिठात बोट ओढलं,
एक उभी रेघ, वर एक आडवी.
"गोलापेक्षा अवघड आहे," ते म्हणाले
आणि तिच्यासाठी खुर्ची ओढली.

आई म्हणाली, ही करपलेली आता कोण खाणार?
मी खाल्ली.